घरच्या बागेत डेल्फिनियम आणि लार्कस्पर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की या फुलांबद्दलचे प्रश्न यायला लागतात आणि होळीपर्यंत येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर अशा देशावरच्या आणि विदर्भातल्या हिवाळी बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मुंबई-कोकणातल्यांनी प्रश्न १५ आणि परदेशातल्यांनी प्रश्न १८ आधी वाचावा.

१. डेल्फिनियम आणि लार्कस्पर एकच का? नर्सरीत एकाच रोपाला दोन्ही नावं सांगतात.

नातं सख्खं आहे, पण बागेत दोघांना वाढवायची रीत वेगळी आहे. लार्कस्पर हंगामी आहे. बी, रोप, फूल, पुन्हा बी, एवढ्यात त्याचं आयुष्य पुरं होतं. डेल्फिनियमच्या बहुतेक बागायती जाती थंड प्रदेशातल्या बहुवर्षायू. तिथे त्या हिवाळ्यात जमिनीवर दिसेनाशा होतात आणि वसंतात बुंध्यातून पुन्हा फुटतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये लार्कस्परलाही डेल्फिनियममध्येच घातलं होतं. पुढे त्याची ‘कन्सोलिडा’ अशी वेगळी प्रजाती केली गेली आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासानंतर ते पुन्हा डेल्फिनियममध्ये आलं. पुस्तकागणिक नाव बदलतं ते यामुळे.

नर्सरीत पान बघा. लार्कस्परचं पान शेपूसारखं बारीक चिरलेलं असतं. डेल्फिनियमचं, विशेषतः उंच जातींचं, रुंद आणि खोल खाचांचं असतं. फुलं होऊन गेली असतील तर शेंगा मोजा: लार्कस्परच्या एका फुलातून एकच शेंग निघते, डेल्फिनियमच्या फुलातून साधारण तीन.

२. आपल्याकडच्या हवेत हे होतं का? चित्रात तर माणसाएवढे तुरे दिसतात.

होतं, फक्त ते हिवाळ्याचं झाड म्हणून वाढवायला हवं. चित्रातले पाच-सहा फुटी निळे तुरे इंग्लंडसारख्या ठिकाणचे असतात. तिथला उन्हाळा सौम्य आणि दिवस लांब. आपल्याकडे जानेवारीत रात्र गार असली तरी दुपारी पारा अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो आणि दिवसही आखूड असतो. त्यामुळे लार्कस्पर दोन-तीन फूट आणि बुटकं डेल्फिनियम एक-सव्वा फूट होईल, असं धरून चाला. तेवढ्यातही त्याचा निळा रंग असा असतो की बागेतलं दुसरं कुठलंही हिवाळी फूल त्याची जागा घेऊ शकत नाही.

सगळं गणित रात्रीच्या तापमानाचं आहे. रात्री दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान राहिल्या तर रोप खूश. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे सहज मिळतं. निफाडच्या पाऱ्याची बातमी दर थंडीत येते, त्या टापूत तर याहून गार रात्री मिळतात आणि तिथल्या लोकांनी हे फूल नक्की लावून बघावं.

३. बी नेमकं कधी पेरायचं?

लार्कस्पर: ऑक्टोबरची उष्मा ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. दिवाळीचे दिवे लागले की बी जमिनीत पडायला हवं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फुलं साधारण तीन ते साडेतीन महिन्यांनी येतात.

डेल्फिनियमला वेळ जास्त लागतो. ते सप्टेंबरच्या अखेरीपासून ट्रेमध्ये, घरातल्या सर्वांत गार खोलीत पेरा आणि रोपं नोव्हेंबरात बाहेर काढा.

डिसेंबरात पेरू का, असं बरेच जण विचारतात. बी उगवेल, पण रोप वाढीच्या ऐन भरात असताना फेब्रुवारीचं ऊन येईल. मग वीतभर उंचीवरच चार फुलं येऊन झाड संपतं. ज्यांची लागवड फसली म्हणून प्रश्न येतात, त्यांतल्या बहुतेकांची अडचण खत किंवा औषध नसते. पेरणी उशिरा झालेली असते.

४. सुरुवातीला कोणती जात घेऊ?

पहिल्या वर्षी लार्कस्परच घ्या. ‘जायंट इम्पीरियल’ नावाचं मिश्र रंगांचं बी मिळतं. त्यात निळा, जांभळा, गुलाबी, पांढरा सगळे येतात.

डेल्फिनियमच हवं असेल तर ‘ग्रँडिफ्लोरम’ गटातल्या बुटक्या जाती बघा: ‘ब्लू मिरर’, ‘ब्लू बटरफ्लाय’, ‘समर नाइट्स’. पेरल्यावर त्याच मोसमात फुलतात, उष्णता त्यातल्या त्यात सोसतात आणि काठीचा आधार मागत नाहीत.

‘पॅसिफिक जायंट’ या उंच जाती फ्रँक राइनेल्ट यांनी कॅलिफोर्नियात तयार केल्या. ‘ब्लॅक नाइट’, ‘किंग आर्थर’, ‘गॅलाहॅड’ ही त्यांतली नावं. बियांच्या पाकिटावर सर्वांत देखणं चित्र त्यांचंच असतं आणि आपल्याकडे सर्वांत जास्त निराशाही त्याच करतात. महाबळेश्वर-पाचगणीची बाग असेल तर प्रयत्न करा. नागपुरात त्यावर पैसे घालू नका.

५. पाकीटभर बी टाकलं, एकही उगवलं नाही. बी खराब होतं का?

असू शकतं. डेल्फिनियमचं बी फार टिकत नाही. दुकानातल्या गरम फळीवर एक उन्हाळा काढलेल्या पाकिटावर भरवसा ठेवू नका. पाकिटावरची तारीख बघा आणि घरी आणल्याबरोबर ते हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

बी चांगलं असूनही न उगवण्याचं मोठं कारण उष्णता. पंधरा ते अठरा अंशांत ते नीट रुजतं. पंचविशीच्या वर बरंचसं बी नुसतं पडून राहतं किंवा कुजतं. यावर उपाय असा: टिश्यू पेपर ओला करून पिळून घ्या, त्यावर बी पसरा, घडी घालून डब्यात ठेवा आणि डबा आठ ते पंधरा दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. मधूनमधून उघडून बघा. पांढरा कोंब दिसताच ते बी चिमट्याने उचलून ट्रेमध्ये लावा.

या बियांना अंधार लागतो. वरून अर्धा सेंटिमीटर माती किंवा चाळलेलं कोकोपीट घाला आणि कोंब वर येईपर्यंत ट्रे झाकून ठेवा. दोन ते तीन आठवडे लागतात, तेवढा धीर हवा. आठव्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्यांची रोपं त्या उकरण्यानेच जातात.

६. ट्रेमध्ये रोपं करू की थेट वाफ्यात पेरू?

लार्कस्पर थेट जागेवर पेरा. त्याला सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की रोप रुसतं, उंची धरत नाही. दाट उगवलं तर उपटून विरळ करा आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. उपटलेली रोपं दुसरीकडे लावायचा मोह टाळा. जागेची अडचण असेल तर कागदी कपात एकेक बी लावून रोप कपासकट जमिनीत ठेवता येतं.

डेल्फिनियम मात्र ट्रेमधून हलवलेलं चालतं. चार खरी पानं आली की मुळांवरची माती न झाडता संध्याकाळी लावा.

७. कुंडी केवढी आणि माती कशी?

लार्कस्परला खोली हवी. बारा इंची कुंडीत तीन रोपं बसतात. बुटक्या डेल्फिनियमला आठ ते दहा इंची कुंडीत एक रोप.

मिश्रण: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. तळाचं भोक खापरीने झाका, बुजवू नका. पाणी घातल्यावर मिनिटभरात ते खालून निघालं पाहिजे.

जमिनीत लावणाऱ्यांसाठी थोडं अधिक. या झाडांना सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास मानवतो. देशावरची काळी माती तिच्या चुन्यामुळे त्या बाबतीत फारशी अडत नाही, पण ती पाणी धरून ठेवते आणि तिथेच घात होतो. काळ्या जमिनीत सहा-आठ इंच उंचीचा गादीवाफा करा, वाळू आणि शेणखत सढळ हाताने मिसळा. तांबड्या जांभ्या मातीत निचरा चांगला असतो, पण ती आम्लधर्मी. तिथे लागवडीआधी पंधरा दिवस, दर चौरस फुटाला चमचाभर विझवलेला चुना मिसळावा.

८. गॅलरीत येईल का? ऊन किती लागतं?

रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून या मोसमात दक्षिणेची गॅलरी उत्तम. पूर्वेचीही चालेल. उत्तरेच्या गॅलरीत नोव्हेंबर ते जानेवारी ऊनच येत नाही, तिथे लावू नका.

पाणी सकाळी, बुंध्याशी, वरची माती बोटाला कोरडी लागली की. पानांवर आणि तुऱ्यावर फवारत पाणी घालू नका. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

९. खत कोणतं?

माती प्रश्न ७ प्रमाणे केली असेल तर फार लागत नाही. महिन्याने गांडूळखताची एक मूठ आणि कळ्यांचा दांडा दिसू लागला की पंधरा दिवसांनी एकदा पातळ केलेलं शेणपाणी किंवा १९:१९:१९ हे विरघळणारं मिश्र खत लिटरला दोन ग्रॅम. युरिया नको. त्याने खोड लुसलुशीत होतं, मावा धावत येतो आणि तुरा वाऱ्यावर मोडतो.

१०. शेंडा खुडायचा का? आणि काठीचा आधार?

लार्कस्पर चार-पाच इंचांचं असताना शेंडा खुडला तर फांद्या जास्त फुटतात, पण मधला मोठा तुरा मिळत नाही. फुलदाणीसाठी वाढवत असाल तर खुडू नका. कुंडी भरगच्च दिसायला हवी असेल तर खुडा.

दोन फुटांवरच्या प्रत्येक झाडाला आधार द्या. बांबूची कामटी झाड लहान असतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात बांधा, म्हणजे खोड काचत नाही. खोड आतून पोकळ असतं, त्यामुळे एका जोरदार वाऱ्यात महिन्यांची मेहनत आडवी होते.

११. हे झाड विषारी आहे असं ऐकलं. घरात लहान मूल आणि मांजर आहे, लावू का?

ऐकलंत ते खरं आहे. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि सर्वांत जास्त विष बियांत व कोवळ्या पानांत असतं. त्यातले अल्कलॉइड, विशेषतः मेथिललायकॅकोनिटिन, नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतात. स्नायू लुळे पडतात आणि मात्रा मोठी असेल तर श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कुरणांत रानटी डेल्फिनियम खाऊन गाई मरतात आणि तिथल्या पशुपालकांची ही जुनी डोकेदुखी आहे.

म्हणून रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर-कुत्रं असेल तर मूल मोठं होईपर्यंत हे फूल लावू नका, असंच मी सांगेन. बाकीच्यांनी पुढची काळजी घ्यावी. बियांची पाकिटं धणे-मोहरीच्या डब्यांजवळ ठेवू नयेत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, काहींच्या त्वचेला रसाने खाज येते. काढलेली झाडं गोठ्यात किंवा मोकाट गुरं येतात अशा उकिरड्यावर टाकू नयेत. केक, सरबत, ताटाची सजावट यांत ही फुलं अजिबात वापरू नयेत. देवाला वाहायला हरकत नाही, पण तीर्थात आणि नैवेद्याच्या ताटात पाकळी पडू देऊ नका.

कुणी खाल्लंच तर उलटी व्हायची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता, झाडाचा तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

१२. पानांवर पांढरी भुकटी आली आहे. शेजारचं झाड तर दोन दिवसांत कोलमडलं. एकच रोग आहे का?

दोन वेगळे रोग आहेत. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. गार रात्री, दव आणि दाटी यांत ती येते. खालची पानं काढा, झाडांमध्ये हवा खेळू द्या आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. दुपारचं तापमान बत्तिशीच्या वर जाऊ लागलं की गंधक थांबवा, पानं करपतात. निंबोळी तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

अचानक कोलमडणं बहुधा बुंधाकुजीचं लक्षण आहे. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. भुईमूग आणि टोमॅटोवरही तीच येते. त्या झाडावर औषध मारण्यात अर्थ नाही. झाड आजूबाजूच्या वीतभर मातीसकट काढून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात घालू नका आणि त्या जागी पुढची काही वर्षं हे फूल लावू नका. टाळण्यासाठी लागवडीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळा, खोडाभोवती माती चढवू नका आणि पाणी साचू देऊ नका.

मावा आणि लाल कोळी थंडी सरताना येतात. मावा पाण्याच्या झोताने पाडा, मग निंबोळी अर्क. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचाव्यात. याहून खात्रीचा उपाय नाही.

१३. पहिली फुलं संपली. आता काय?

तुरा सुकायला लागला की खालच्या निरोगी पानाच्या वर कापा. बाजूचे छोटे तुरे येतात. हे जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला घडलं तरच दुसरा बहर नीट मिळतो. बी हवं असेल तर कापू नका, प्रश्न १६ पाहा.

१४. उन्हाळ्यात झाड कसं जगवू? हिरवी जाळी बांधली तर?

लार्कस्पर जगणार नाही, त्याचं आयुष्यच संपलेलं असतं. डेल्फिनियम जाळीखाली एप्रिल काढतं कधीकधी, मे महिन्यात दमतं आणि पहिल्या पावसात बुंध्यातून कुजतं. उष्ण रात्री आणि दमट माती या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते टिकत नाही. त्यासाठी शेडनेट, कूलर, बर्फाचं पाणी असे प्रयोग कळवणारे लोक आहेत. त्यांचा जीव त्या झाडात किती अडकला आहे हे कळतं, पण माझा सल्ला बदलत नाही. मार्चमध्ये ते काढा, कुंडीत झेंडू किंवा झिनिया लावा आणि सप्टेंबरात नवं बी आणा.

महाबळेश्वरला उन्हाळा निभावतो, पण तिथला पाऊस निभावत नाही. कुंडी छपराखाली घेता येत असेल तरच पुढच्या वर्षाची आशा धरा.

१५. आम्ही मुंबईत राहतो. काहीच मार्ग नाही का?

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे थंडीतल्या रात्रीही सोळा-सतराच्या खाली फारशा जात नाहीत. लार्कस्पर उगवेल, आखूड राहील, पंधरा-वीस दिवस फुलेल. तेवढ्यावर समाधान असेल तर नोव्हेंबरच्या मध्याला, फ्रिजमध्ये कोंब काढून पेरा. डेल्फिनियमच हवं असेल तर डिसेंबरात कळ्या आलेली कुंडी घाटावरच्या रोपवाटिकेतून आणा. बुटका निळा रंग एवढंच हवं असेल तर लोबेलिया तिथे अधिक भरवशाचं.

१६. घरचं बी राखलं होतं. निळ्याच्या जागी फिकट गुलाबी आलं!

संकरित बियांची पुढची पिढी आईबापांसारखी येत नाही. साध्या लार्कस्परमध्येही मधमाश्या रंग मिसळतात. निळाच हवा असेल तर बाकी रंगांची झाडं फुलताच काढून टाका आणि निळ्यातल्या गडद झाडांचंच बी धरा. असं दोन-तीन मोसम केलं की रंग बराच स्थिर होतो.

शेंगा तपकिरी होऊन टोकाला उघडू लागल्या की सकाळी तोडा, कागदावर सावलीत वाळवा, बाटलीत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर ‘विषारी’ असं ठळक लिहा.

१७. ट्रेकला डोंगरावर निळवंती पाहिली. ती डेल्फिनियमच आहे म्हणतात. कंद आणून लावू का?

ती डेल्फिनियमच आहे. शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. पश्चिम घाटापलीकडे जगात कुठेही ती नैसर्गिकपणे वाढत नाही. बागेतल्या जातींच्या उलट तिचं वेळापत्रक पावसाला बांधलेलं आहे. पावसाळ्यात गवताळ उतारांवर वाढते, पाऊस ओसरताना निळी फुलते आणि मग जमिनीखाली जाऊन कोरडा काळ काढते.

कंद आणू नका. बीसुद्धा नको. कुंडीत तिला तो उतार, तो निचरा, ते गवत देता येत नाही आणि उपटलेली रोपं मरतात. आधीच चराई आणि वणव्यांनी तिच्या जागा आक्रसत चालल्या आहेत. एका कुंडीच्या हौसेसाठी डोंगरावरचं एक फुलणारं झाड कमी होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिला तिथेच जाऊन भेटा, फोटो काढा आणि फोटोसोबत नेमकी जागा जाहीर करू नका.

१८. फुलदाणीत दुसऱ्याच दिवशी पाकळ्यांचा सडा पडतो. आणि आम्ही परदेशात आहोत, तिथे हे सगळं लागू पडतं का?

फुलदाणीचं उत्तर सगळीकडे सारखं. ही फुलं इथिलीन वायूला फार हळवी असतात आणि पिकणारी केळी, आंबे, चिकू तोच वायू सोडतात. फळांची टोपली आणि फुलदाणी एका टेबलावर ठेवू नका. तुरा खालून एक तृतीयांश उमलला की पहाटे कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि पाणी रोज बदला. लार्कस्पर उलटं टांगून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे वाळवलं तर त्याचा निळा रंग कित्येक महिने टिकतो.

लागवडीचं उत्तर देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये किंवा कॅनडाच्या थंड भागात असाल तर उंच जाती बहुवर्षायू म्हणूनच लावा. वसंतात जुन्या बुंध्यातून पुष्कळ कोंब येतात, त्यांतले पाच-सात जोमदार ठेवून बाकी काढा. काढलेले कोंब तळाशी भरीव असतील तर कलम म्हणून रुजतात, पोकळ असतील तर सडतात. पहिला बहर संपल्यावर तुरे कापून खत-पाणी दिलं की शरदात छोटा दुसरा बहर येतो. न्यू जर्सीसारख्या दमट उन्हाळ्यात ती झाडं दोन-तीन वर्षंच टिकतात. टेक्सासमध्ये पुण्यासारखंच थंडीचं हंगामी झाड म्हणून पाहा आणि रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा.

मेलबर्न-ऑकलंडकरांनी वरचे सगळे महिने सहाने पुढे सरकवावेत. बी मात्र तिथूनच घ्या. ‘न्यू मिलेनियम’ या उंच जाती न्यूझीलंडमध्येच तयार झाल्या आहेत, आणि भारतातून नेलेलं बी विमानतळावर जाहीर करावं लागतं व बहुधा काढून घेतलं जातं.